वंशावळीत माय कुठं आहे?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



शेतकी कॉलेजात आम्हांला संकराची नोंद लिहायला शिकवलं. मादी वाण आधी, नर वाण नंतर. पुढं घरच्या जमिनीच्या वादापायी आम्ही कोर्टाच्या जुन्या कागदांत वंशावळ शोधली. सात पिढ्या सापडल्या, सगळे बापे! ज्वारीच्या वाणाला आई आहे, आम्हांला नाही. एकच बाई दिसली. विधवा होती, तिनं दत्तक घेतला, म्हणून तिचं नाव लिहिणं भाग पडलं.

असं का झालं? हे कागद कुळाच्या कौतुकासाठी नव्हतेच, मिळकतीसाठी होते. १८२७ साली मुंबई इलाख्यात आठवं रेग्युलेशन आलं. मयताचा वारस कोण, त्याची मिळकत कोण सांभाळणार, हे कोर्टानं जाहीरनामा काढून, हरकती ऐकून ठरवायचं. १८५२ च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशनच्या चौकशीला बळ दिलं. इनाम टिकवायचं तर मूळ पुरुषापासून आपलं नातं दाखवा! १८७४ साली वतनाचा कायदा झाला. त्यात १८८६ च्या पाचव्या कायद्यानं भर घातली : शेवटच्या पुरुष मालकाची विधवा सोडून बाकी बाया, आणि बाईच्या नात्यानं हक्क सांगणारे, हे सगळे घराण्यातल्या पुरुष वारसांच्या मागं. ज्याला हिस्सा त्याचं नाव. ज्याला हिस्सा नाही तो कागदावर जन्मलाच नाही.

म्हणून हे कागद जाळायचे काय? मुळीच नाही. वाद उभा राहण्याआधी घरच्या जाणत्या माणसानं नात्याबद्दल काही सांगून ठेवलं असेल, तर तो मेल्यावरही कोर्ट ते पुराव्यात घेतं. तेव्हा ट्रंकेतला मोडी कागद वाळवीला घालू नका. जाणकाराकडून वाचून घ्या, दप्तरातून सहीशिक्क्याची नक्कल काढा. मात्र वाचताना ध्यानात ठेवा, की त्यात नाव नाही म्हणजे माणूस नव्हतं असं नाही.

वतनं गेली. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली देशानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. २००५ साली बाप हयात नसला तरी हक्क जात नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२० साली सांगितलं. कायदा बदलला, पण आमची लेखणी बदलली का? बाप गेला की तीन महिन्यांत तलाठ्याकडं वर्दी द्यायची असते. त्या अर्जासोबतच्या वंशावळीत आम्ही बहिणीला गाळतो, नाहीतर नाव लावून दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्रावर तिची सही घेतो. भाऊबीजेच्या साडीवर एकराचा सौदा!

कर्जमुक्ती मागताना आम्ही सरकारकडं हिशेब मागतो. मग घरच्या हिशेबात चोरी कशी चालेल? आज घरी गेल्यावर एक कोरा कागद घ्या. आजीचं, आत्याचं, बहिणीचं, लेकीचं नाव लिहा. थोरल्या माणसांना विचारा. त्यांच्याबरोबर ही नावंही जातील. आमच्या घरच्या कागदावर आम्ही आईचं नाव आधी लिहिलं आहे. उशीर झाला, पण लिहिलं.