शिवी कोणाच्या तोंडी?



अद्भुतरम्य गेमबुकांत शिव्या असाव्यात का, यावर आज मला बोलायचं आहे. अशी पुस्तकं मराठीत लिहू पाहणारे तरुण समोर बसले आहेत, म्हणून मुद्दाम.

स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांचं ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ हे असं गेमबुक १९८२ साली ब्रिटनमध्ये पफिनने काढलं. ४०० क्रमांकित परिच्छेद, दोन फासे, पेन्सिल आणि खोडरबर. प्रत्येक वळणावर वाचकानेच ठरवायचं, कुठल्या परिच्छेदाकडे जायचं. लढाईत फासे टाकायचे; ज्याची बेरीज कमी, त्याच्या बळातून दोन गुण वजा. दहा-बारा वर्षांची मुलं या डोंगरात शिरून राक्षसांना तलवारीने कापत होती. पुढे या पुस्तकापासून सुरू झालेल्या मालिकेतल्या जादूवर आणि भुतांवर काही ख्रिस्ती मंडळींनी आक्षेप घेतले. पण मुंडकं उडालेलं चालतं आणि एक कडक शब्द चालत नाही, ही आपली मोजपट्टी मला कधीच पटलेली नाही. त्यामुळे सरसकट बंदीच्या बाजूचा मी नाही.

तरीही या पुस्तकांची एक गोष्ट वेगळी आहे. ‘वस्त्रहरण’ नाटकात तात्या सरपंच मालवणीत शिव्या हासडतो तेव्हा शिवी तात्याची असते, प्रेक्षक खुर्चीत बसून हसतो. कादंबरीतही बोलणारा दुसराच कोणी असतो. गेमबुकाचा नायक मात्र ‘तू’ असतो. ‘तुझी ढाल फुटली, तू शिवी हासडलीस, आता ४७ वर जा,’ असं छापलं की लेखकाने ती शिवी थेट मुलाच्या तोंडात घातली. कुठल्या दारातून जायचं हे ज्याच्यावर सोपवलं, त्याने रागावून काय बोलायचं हेही त्याच्यावरच सोपवा. तिथे लेखकाने गप्प बसावं. ज्याला बोलायचं, तो मनात बोलेलच!

दरोडेखोर, भुयारातला पहारेकरी, खवळलेली चेटकीण यांना मात्र खुशाल शिव्या देऊ द्या. फक्त त्या त्यांच्या जगातल्या हव्यात. जेम्स डॅशनर यांच्या ‘द मेझ रनर’ या कादंबरीत भूलभुलैयात अडकलेल्या मुलांची स्वतःची शिवराळ बोली आहे. ओळखीच्या शिवीचं एखादं अक्षर बदलून मात्र काही साधत नाही. मूळ शब्द मुलाला लगेच कळतो. ते जग कशाला भितं, कशाला जपतं, हे आधी ठरवा. आपल्याकडे ‘तुझं तळपट होवो’ म्हणणाऱ्या म्हातारीच्या तोंडून घर, शेत, वंश सगळं बुडण्याची भीती बोलत असते. खाणीत राहणारा बुटका असा शाप देताना दिव्यातलं तेल संपण्याचंच बोलेल.

जातीवरून, आईबहिणीवरून, अपंगत्वावरून दिलेली शिवी मात्र खलनायकाच्या तोंडीही नको. पुस्तकातल्या राक्षसाला ती लागत नाही. उद्या शाळेत शेजारच्या बाकावरच्या मुलाला लागते.

संपादकांना माझी विनंती आहे. हस्तलिखितातला ‘तू’ जिथे बोलतो ते परिच्छेद वेगळे काढा आणि छापण्याआधी मोठ्याने वाचा. मग तेच परिच्छेद दहा वर्षांच्या चार मुलांना वाचायला द्या, आणि कुठला संवाद ती स्वतः कधीच बोलणार नाहीत, हे त्यांनाच विचारा.