उसनी वेळ



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी बडोद्याच्या याच शाळेत मला विज्ञान शिकविले. आज मी जुनी विद्युत् घड्याळे जमवितो. या छंदाचा आरंभ एका अपराधातून झाला. तो आपणांसमोर सांगणे मला उचित वाटते.

1974 साली माझे मामा शिकागोहून परतले, तेव्हा त्यांनी जेफर्सन कंपनीचे ‘गोल्डन अवर’ घड्याळ आणले होते. सोनेरी कड्यात नुसती काच आणि तीवर निराधार तरंगणारे काटे! वस्तुतः मोटर तळाच्या पेटीत असते. ती काचेची तबकडी कडेने फिरविते आणि मिनिटकाटा त्या काचेबरोबर फिरतो. ट्रान्सफॉर्मर लावून आम्ही ते सुरू केले, तर ते तासाला दहा मिनिटे मागे पडू लागले. मामा परगावी गेले असता मी ते ‘दुरुस्त’ करावयास बसलो आणि चक्राचे दाते मोडले. मामांना सांगितले, “आपोआप बंद पडलं.”

सरांजवळ मात्र खोटे बोलवेना. ते रागावले नाहीत. म्हणाले, “अरे, ते घड्याळ चुकत नव्हतं, मोजत होतं. तू त्याला मोजायला काय दिलंस?” मग फळ्यावर त्यांनी हिशेब मांडला. अमेरिकेत विजेची आवर्तने सेकंदाला 60, आपल्याकडे 50. ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब उतरवितो, आवर्तने बदलत नाही. म्हणून तेथील घड्याळ येथे तासाभरात पन्नासच मिनिटे चालणार. दिवसाला चार तास मागे पडणार आणि तिसऱ्या दिवसाअखेर, बरोबर बारा तास मागे पडून, पुन्हा खरी वेळ दाखविणार! शेवटी सर एवढेच म्हणाले, “मामांना सांग.”

या घड्याळांची वेळ स्वतःची नसते. ती वीजकेंद्राकडून उसनी घेतलेली असते. मॅसॅच्युसेट्समधील हेन्री वॉरन यांनी असे घड्याळ बनविले, तेव्हा वीजकेंद्राची आवर्तनेच अस्थिर असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी दोन काट्यांचे एक नियंत्रक घड्याळ रचले. एक काटा लंबकावर चाले, दुसरा केंद्राच्या विजेवर. दोन्ही जुळते ठेवणे हे केंद्रचालकाचे काम. ऑक्टोबर 1916 मध्ये बोस्टनच्या वीजकेंद्रात ते बसले. घराघरांतील घड्याळांचा खरेपणा असा दूरच्या एका अनोळखी माणसाच्या दक्षतेवर अवलंबून राहिला.

वॉरन यांच्या ‘टेलिक्रॉन’ घड्याळांतील एक योजना मला सर्वाधिक प्रिय आहे. वीज जाऊन परत आली की ही घड्याळे आपोआप चालू लागत, पण मधली वेळ गमावलेली असे. म्हणून तबकडीवरील बारीक खिडकीत तांबडा ठिपका उमटे. मालकाने वेळ पुन्हा लावीपर्यंत तो तसाच राही. ‘मी चालत आहे, पण मजवर विसंबू नका,’ असे ते यंत्र निमूटपणे कबूल करी.

मला ती कबुली देण्यास आठ वर्षे लागली. मामा ऐकून हसले आणि ते घड्याळ त्यांनी मलाच दिले.

आज मी जुन्या घड्याळाच्या विटलेल्या वायरी बदलतो, कारण त्या आग लावू शकतात. रेडियमचा रंग असलेली तबकडी उघडीत नाही. काढलेला प्रत्येक भाग पाकिटात घालून, काय बदलले ते वर लिहून ठेवितो. मामांचे घड्याळ मात्र तसेच ठेविले आहे. त्याच्या पाकिटात मोडलेले दाते आहेत, आणि वर लिहिले आहे: ‘मी मोडले.’