माकडताप : विषाणूचे गुणन आणि त्याचे नियंत्रण

२०१६ सालच्या जानेवारी महिन्यात सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातील केर गावाच्या परिसरात रानातील माकडे मरून पडल्याचे दिसू लागले आणि त्याच सुमारास गावकऱ्यांना एकाएकी थंडी भरून तीव्र ताप येऊ लागला. डोके व अंग असह्य दुखे, डोळे लाल होत, काहींना रक्तस्रावही होई. तपासणीअंती हा क्यासनूर अरण्यज्वर, म्हणजेच लोकांच्या बोलीतील ‘माकडताप’, असल्याचे निष्पन्न झाले. त्या एका वर्षात जिल्ह्यात शंभराहून अधिक रुग्णांचे निदान झाले. पुढल्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरातही हा ताप पोहोचला. काही रुग्ण दगावले. काजूच्या बागेत राबणारे, जळणासाठी व गुरांमागे रानात जाणारे कष्टकरी स्त्रीपुरुष या आजाराच्या तडाख्यात प्रामुख्याने सापडतात.

१ मे १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग हा रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता. सह्याद्रीची रांग तीच, काजूचा हंगाम तोच, रानाशी असलेला माणसाचा संबंधही तोच. त्यामुळे रत्नागिरीकरांना हा विषय परका मानता येणार नाही. या तापाचा विषाणू सापडून साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्याला मारणारे खात्रीचे औषध आजही उपलब्ध नाही. असे का व्हावे, आणि औषध नसताना त्याला आवर कसा घालावयाचा, या दोन प्रश्नांची उत्तरे विषाणूच्या वाढण्याच्या रीतीतच दडलेली आहेत.

प्रथम थोडा इतिहास. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या अरण्यात वानरे व माकडे मोठ्या संख्येने मेली आणि आसपासच्या खेड्यांत तापाची साथ पसरली. पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते. तेथील डॉ. टेलफर्ड वर्क, डॉ. हॅरल्ड ट्रॅपिडो व त्यांचे भारतीय सहकारी यांनी या साथीचा छडा लावला. आफ्रिकेतील पीतज्वर भारतात शिरला की काय, ही पहिली धास्ती होती. कारण त्या ज्वरातही माकडे मरतात. तथापि हाती आलेला विषाणू निराळाच निघाला. त्याचे नाते रशियातील गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी जुळले. हेच पुण्याचे केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते.

अनेक दशके हा रोग कर्नाटकातील शिमोगा व लगतच्या जिल्ह्यांपुरताच राहिला. २०१२ नंतर मात्र तो बंडीपूर, निलगिरी व वायनाडच्या रानांत आढळला, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आला आणि २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या सीमेत दाखल झाला.

आता या विषाणूच्या अंतरंगाकडे वळू. त्याचा व्यास सुमारे ५० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे वीस हजार विषाणू ओळीने मावतील. वर प्रथिने जडवलेले स्निग्ध आवरण, आत प्रथिनांचे कवच आणि त्यात आरएनए या केंद्रकाम्लाचा एक धागा, इतकाच त्याचा प्रपंच. या धाग्यावर सुमारे अकरा हजार अक्षरांचा मजकूर असतो. मानवी पेशीतील जनुकीय मजकूर सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे विषाणूची शिदोरी किती अल्प आहे याची कल्पना येते. त्याला अन्न पचविता येत नाही, ऊर्जा निर्माण करता येत नाही, स्वतःची प्रथिने स्वतः घडविता येत नाहीत. त्याच्याजवळ केवळ आज्ञापत्र असते. ते अमलात आणणारा कारखाना परक्या पेशीचा असतो. जीवाणू पोषक द्रव्यात आपोआप वाढतात. विषाणूला मात्र जिवंत पेशीवाचून वाढच नाही. म्हणूनच त्याला सजीव म्हणावे की निर्जीव, याविषयी शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही.

गोचीड चावली की तिच्या लाळेबरोबर विषाणू शरीरात उतरतो. त्याच्या आवरणावरील प्रथिन पेशीच्या पृष्ठभागाला चिकटते आणि पेशी त्याला एका पिशवीत गुंडाळून आत घेते. ही पिशवी आतून आम्लधर्मी होत जाते. पेशीच्या दृष्टीने ही पचनाची तयारी असते. विषाणूला मात्र तीच खूण पुरते. आम्लाचा स्पर्श होताच त्याच्या प्रथिनाचा आकार बदलतो, त्याचे आवरण पिशवीच्या भिंतीशी एकजीव होते आणि आरएनएचा धागा पेशीच्या अंतर्भागात मोकळा होतो.

पेशीत प्रथिने घडविणारी रायबोसोम नावाची सूक्ष्म यंत्रे असतात. ती हा परका धागा आपल्याच घरचा हुकूम समजून वाचू लागतात. त्यातून सुमारे ३४०० घटकांची एक लांबलचक प्रथिनसाखळी निर्माण होते आणि तिचे तुकडे होऊन दहा स्वतंत्र प्रथिने तयार होतात. त्यांपैकी तीन नव्या विषाणूचे अंग घडविण्यासाठी असतात, उरलेली सात पेशीत राहून कारभार पाहतात. यातील ‘एनएस-५’ हे प्रथिन नकलनवीस होय. ते मूळ धाग्यावरून प्रथम उलटी प्रत काढते आणि त्या उलट्या प्रतीवरून सुलट्या प्रती पुनःपुन्हा काढीत राहते. साच्यावरून मूर्ती घडवाव्यात, तसा हा प्रकार आहे. उलट्या प्रती थोड्या, सुलट्या त्यांच्या अनेक पट, हे प्रमाणही राखले जाते.

येथे एक अडचण उद्भवते. रायबोसोम धाग्याच्या एका टोकाकडून वाचत येतो, तर नकलनवीस विरुद्ध टोकाकडून निघतो. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर समोरासमोरून दोन गाड्या सुटल्या तर जे होईल, तेच या धाग्यावर व्हावयाचे. म्हणून एक गाडी थांबवून दुसरीला वाट द्यावी लागते. या कुळातील विषाणूंच्या धाग्याची दोन्ही टोके एकमेकांना पूरक अक्षरांनी जुळून धागा वर्तुळाकार होतो, तेव्हा वाचन थांबते आणि नकला काढण्याचे काम सुरू होते. गुणन सुरू करावयाचे केव्हा, हे ठरविणारी कळ अशी विषाणूच्या स्वतःच्याच मजकुरात असते.

नवे धागे कवचात बांधले जातात, पेशीच्या अंतर्गत पडद्यांतून त्यांना आवरण मिळते, आणि पेशीच्याच एका विकराने आवरणातील एक प्रथिन योग्य जागी कापले की विषाणू संसर्गक्षम होऊन बाहेर पडतो. प्रवेशापासून बाहेर पडण्यापर्यंतचे हे चक्र साधारण अर्ध्या दिवसात पुरे होऊ लागते आणि प्रत्येक नवा विषाणू दुसऱ्या पेशीच्या दाराशी जातो. गोचीड चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत ताप चढतो, तो या गुणनाचा परिणाम होय.

मग शरीर स्वस्थ बसते काय? मुळीच नाही. सुलटा व उलटा धागा एकत्र आला म्हणजे दुपदरी आरएनए तयार होतो. एवढा लांब दुपदरी आरएनए निरोगी पेशीत सहसा नसतो. त्यामुळे पेशीतील पहारेकरी प्रथिने त्याला हेरतात आणि पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. हा इशारा मिळालेल्या पेशी प्रथिननिर्मिती मंदावतात व परका आरएनए तोडणारी विकरे सज्ज ठेवतात. विशेष म्हणजे, ज्या १९५७ साली क्यासनूरचा विषाणू हाती आला, त्याच वर्षी लंडनमध्ये आयझॅक्स व लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी इंटरफेरॉनचा शोध जाहीर केला. परंतु विषाणूकडे यावरही तोड आहे. नकला काढणारे तेच ‘एनएस-५’ प्रथिन इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत पोहोचण्याआधीच अडविते. या झटापटीत शरीराला काही दिवस मिळाले, तर प्रतिपिंडे तयार होतात आणि विषाणू रक्तातून हटू लागतो. बहुतेक रुग्ण असेच बरे होतात. दहा ते वीस टक्के रुग्णांत मात्र ताप उतरून आठ-पंधरा दिवस गेल्यावर तो पुन्हा उलटतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज येते. मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारणपणे तीन ते पाच टक्के मानले जाते.

औषधाचा प्रश्न येथे येतो. जीवाणूंची यंत्रणा माणसाच्या पेशीहून वेगळी असते, म्हणून प्रतिजैविक तिच्यावर नेमका घाव घालू शकते. विषाणू आपल्याच पेशीची यंत्रणा वापरतो; ती बंद पाडली तर रुग्णच दगावेल. प्रहार करावयाचा तो विषाणूने स्वतः आणलेल्या मोजक्या प्रथिनांवर. हे साध्य झाल्याची उदाहरणे आहेत. माकडतापाच्याच विस्तृत कुळातील हिपॅटायटिस-सीचा विषाणू घ्या. २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले सोफोस्बुव्हिर हे औषध त्याच्या नकलनवीस प्रथिनाला खोटे अक्षर पुरविते. ते जोडले की साखळी तिथेच खुंटते. इतर औषधांच्या जोडीने बहुधा बारा आठवड्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण रोगमुक्त होतात. एचआयव्हीचे गुणनही औषधांनी वर्षानुवर्षे दाबून ठेवता येते. ती औषधे शासनातर्फे २००४ पासून मोफत मिळतात. माकडतापासाठी अशा कसोटीला उतरलेले औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. रुग्णाला पुरेसे द्रव देणे, रक्तदाब व रक्तस्राव यांवर लक्ष ठेवणे, हाच उपचार. आणि तो वेळेवर मिळाला तर प्राण वाचतात. प्रतिजैविकांचा मूळ विषाणूवर काहीही परिणाम होत नाही.

लशीची कथा सावध करणारी आहे. निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून बनविलेली लस कर्नाटकात १९९० पासून दिली जात असे. दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रा घेतल्यास सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळते, असे एका पाहणीत आढळले. म्हणजे वर्धक मात्रा चुकविणाऱ्याचे संरक्षण अपुरे राही. पुढे तिची परिणामकारकता घटल्याचे दिसून आल्याने २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. नव्या लशीचे संशोधन हाती घेण्यात आले आहे.

तेव्हा पेशीच्या आत विषाणूला गाठण्याची साधने आज तोकडी आहेत. परंतु विषाणूची साखळी पेशीबाहेरही पसरलेली आहे आणि तेथे ती पुष्कळ अधिक दुबळी आहे. माणसाकडून माणसाला माकडताप होत नाही. विषाणूचे खरे बिऱ्हाड म्हणजे रानातील गोचीड आणि लहान वन्य प्राणी. पावसाळ्यानंतर अंड्यांतून निघालेल्या गोचिडी डिसेंबर ते मे या काळात अर्धवाढीच्या अवस्थेत असतात. तीळभर आकाराच्या या गोचिडीच माणसाला चावतात. काजूचा हंगामही नेमका याच दिवसांत येतो. काळ्या तोंडाचे वानर व लाल तोंडाचे माकड यांना या विषाणूने तीव्र आजार होतो. माकड मेले की त्याच्या अंगावरील बाधित गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची बनते.

यावरून पाळावयाची पथ्ये सहज समजतात. रानात जाताना अंगभर कपडे घालावेत व उघड्या अंगाला आरोग्य खात्याकडून मिळणारे डेपा तेल लावावे. हे गोचीडरोधक आपल्याच देशातील संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेले आहे. परतल्यावर गरम पाण्याने, साबण लावून स्नान करावे, कपडे गरम पाण्यात धुवावेत आणि अंगावर गोचीड चिकटली आहे का ते पाहावे. पालापाचोळ्यावर बसू अगर निजू नये. बाधित रानातला पाला गोठ्यात आणू नये. गुरांच्या अंगावर गोचिडी गावात येतात, म्हणून त्यांवर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने उपाय करावा. मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता वनखात्याला व आरोग्य केंद्राला तत्काळ कळवावे, म्हणजे त्या जागेभोवती कीटकनाशक भुकटी टाकता येते. हंगामात ताप आला तर आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पहिल्या दिवसांत आरटी-पीसीआर व नंतर प्रतिपिंडांची तपासणी यांनी निदान होते.

माकडांविषयी एक शब्द सांगणे अगत्याचे आहे. आजाराच्या नावामुळे त्यांच्यावर रोष ओढवतो आणि त्यांना हुसकावण्याची, क्वचित मारण्याचीही भाषा होते. वस्तुतः माकड हे या रोगाचे पहिले बळी आहे. त्याच्या मृत्यूने गावाला पूर्वसूचना मिळते. त्याला मारल्याने गोचीड मरत नाही; उलट तिला दुसरे शरीर शोधावे लागते.

रत्नागिरीच्या बाजारपेठेत काजूची बी येते, ती कोणीतरी फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात, वाळल्या पाल्यात वाकून वेचलेली असते. त्या वेचणाऱ्या हातांना डेपा तेलाची बाटली मिळाली आहे काय, मृत माकडाची खबर कोठे द्यावयाची हे त्यांना ठाऊक आहे काय, याची चौकशी बागमालकाला व व्यापाऱ्याला हंगामापूर्वी सहज करता येईल. पेशीत शिरलेल्या विषाणूला अडविणे हे संशोधकांचे व वैद्यांचे काम आहे. तो पेशीपर्यंत पोहोचू न देणे हे मात्र बागेत, गोठ्यात आणि घरातच व्हावयाचे आहे.