पिकअपचे पाटे आणि घामाचा हिशोब

(जिल्हा कार्यकर्ता बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयपत्रिकेवर कांद्याचा भाव आहे, वीजबिल आहे आणि तिसऱ्या क्रमांकावर 'पिकअपच्या पाट्यांची घरची दुरुस्ती' असा विषय आहे. तो वाचून काही जणांनी विचारले, संघटनेने आता गॅरेज काढले की काय? गॅरेज काढलेले नाही. पण पीक शेतात तयार झाले म्हणजे त्याचा खर्च संपला, असे समजणाऱ्यांपैकी आम्ही नाही. माल वावरातून बाजार समितीच्या ओट्यापर्यंत जायचा तर रस्ता लागतो आणि गाडी लागते. जानेवारी १९८० मध्ये खेड तालुक्यातील वांद्र्यापासून चाकणपर्यंत ६४ किलोमीटरचा मोर्चा शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निघाला, तो रस्त्यासाठीच होता. तेव्हा खराब रस्त्याचा मार बैलांच्या खांद्यावर पडत होता. आज तो पिकअपच्या पाट्यांवर पडतो. बैल दमला की दिसतो. पाटा झिजलेला दिसत नाही, तो एखाद्या उतारावर भरल्या गाडीखाली तुटतो. म्हणून हा विषय.

पाटे काय काम करतात?

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना मागे पाट्यांची जुडी असते. सगळ्यांत वरचा मेन पाटा; त्याच्या दोन्ही टोकांना गोल वळवलेली कडी असतात. त्याच्या खाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे. या सगळ्यांना मधोमध एक सेंटर बोल्ट धरून ठेवतो आणि दोन यू-बोल्ट जुडीला अ‍ॅक्सलशी आवळतात. पुढचे कडे चॅसीला पिनेने पक्के असते. मागचे कडे मात्र शॅकलला टांगलेले असते, कारण वजन पडले की कमान सपाट होते आणि पाट्याची लांबी वाढते. त्या वाढीला झुलायला जागा हवी. कड्यांत बसवलेले बुश ही झुलणारी जागा. बुश रबरी असेल तर वाळून फाटतो. धातूचा असेल तर ग्रीस न मिळाल्याने खातो.

शॉकअप वजन उचलत नाही, हे नीट लक्षात घ्या. वजन पाटे उचलतात. शॉकअपमधले तेल फक्त पाट्यांची उसळी मारते. शॉकअप मेला तर गाडी खाली बसत नाही, पण नाचत राहते. चाक रस्ता सोडते आणि ब्रेक लागायला अंतर जास्त जाते. वर हौद्यात टोमॅटोचे क्रेट असले तर तळचा माल मार खातो, आणि लिलावात तोच क्रेट उलटा करून दाखवला जातो. म्हणजे मेलेल्या शॉकअपचा दंड आपण भावात भरतो.

झीज ओळखायची कशी?

यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. रिकामी गाडी सपाट जागी उभी करा. दोन्ही बाजूंना अ‍ॅक्सलपासून चॅसीपर्यंतचे अंतर मोजा. एका बाजूचे अंतर स्पष्ट कमी भरले तर त्या बाजूचा पाटा बसलेला किंवा तुटलेला आहे. मग हौद्याचा एक कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली पाहिजे. दोनतीनदा डोलली तर शॉकअप संपला. शॉकअपच्या अंगावर तेल ओघळून त्यावर धूळ चिकटलेली असेल तर दाबून पाहण्याचीही गरज नाही.

त्यानंतर जुडी तारेच्या ब्रशने घासून बघा. तडा बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी किंवा क्लिपजवळ जातो आणि तिथून गंजाची लाल रेघ उतरलेली दिसते. शॅकल आणि कडे यांच्यामध्ये टॉमी घालून हलवा. लटलट जाणवली तर बुश गेला. शेवटी एकाला गाडी सरळ चालवायला सांगून मागे उभे राहा. मागची चाके पुढच्या चाकांच्या ओळीत न चालता तिरपी पळत असतील तर यू-बोल्ट ढिले आहेत किंवा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकलेला आहे. अशी गाडी भरायची नाही. दुसऱ्या दिवशी बाजार असला तरी भरायची नाही.

घरी काय करायचे, काय नाही

शॉकअप बदलणे, शॅकल आणि त्याचे बुश बदलणे, यू-बोल्ट नवे टाकणे ही कामे दोन माणसे घरी करू शकतात. सुटी झालेली जुडी खोलून तुटलेला पाटा बदलणे हे काम पाटेवाल्याकडे द्यावे. सेंटर बोल्ट काढला की दाबून धरलेले पाटे झटक्याने उसळतात आणि बोटे जातात. पुढे कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार असलेल्या गाड्यांच्या पुढच्या भागाला घरी हात लावू नये. त्यात साठलेला ताण दिसत नाही, सुटला की माणूस मारतो. बॉल जॉइंट, स्टिअरिंग आणि ब्रेक हेही घरचे काम नव्हे.

गाडीखाली जाण्याआधीची शिस्त पाटी लिहून शेडमध्ये टांगण्यासारखी आहे. जागा कडक आणि सपाट हवी. नांगरटीच्या कडेला किंवा ओल्या मातीवर जॅक लावायचा नाही. गाडी रिकामी हवी. हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांवर चालतो, म्हणून मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपतो. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून मोठे दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. उचलल्यावर चॅसीखाली लोखंडी घोड्या लावा आणि काढलेले चाकही चॅसीखाली सरकवून ठेवा. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक कधीही लावायचे नाहीत. ते सूचना न देता फुटतात. एकट्याने काम करायचे नाही आणि लेकरांना जवळ फिरकू द्यायचे नाही.

आता शॉकअप. आदल्या रात्री गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारे तेल सोडा. सकाळी नट फिरला नाही तर लांब दांड्याचा पान्हा वापरा. घण मारून बोल्टाचे आटे घालवू नका. जुना शॉकअप निघाला की नवा उभा धरून चारपाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. शॉकअप जोडीने बदलायचे. एक नवा आणि एक मेलेला असेल तर गाडी एका अंगाला ओढते.

शॅकलचा बुश काढताना चॅसी घोड्यांवर ठेवा आणि वेगळा जॅक अ‍ॅक्सलखाली लावून तो हळूहळू वरखाली करा. पाट्यावरचा ताण गेला की शॅकलचा बोल्ट हाताने सरकतो. बोल्ट ठोकावा लागतो आहे, याचा अर्थ ताण अजून शिल्लक आहे. बुश कड्यातून काढायला रबर जाळण्याची पद्धत सर्रास चालते. ती सोडा. कडे तापले की पाट्याचे पाणी उतरते. त्यापेक्षा एक लांब बोल्ट घ्या; कड्याच्या एका बाजूला बुशापेक्षा मोठ्या तोंडाचा पाइपचा तुकडा आणि दुसऱ्या बाजूला बुशापेक्षा किंचित लहान वॉशर लावून नट आवळत जा. बुश आपोआप पाइपात उतरतो. नवा बुशही याच रीतीने आत ओढून बसवता येतो. रबरी बुशाला साबणाचे पाणी लावा. डिझेल, ऑइल, ग्रीस लावले तर रबर फुगते आणि लवकर मरते. धातूच्या बुशाला मात्र ग्रीस हवेच; त्याचे भोक ग्रीस निपलसमोर आले आहे ना, ते बसवतानाच पाहा.

पुढची गोष्ट सर्वांत जास्त चुकवली जाते. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. नट हाताने बसवा, चाके लावा, गाडी खाली उतरवा, दोनतीन वेळा हलवून बसू द्या आणि मग आवळा. हवेत आवळलेला बुश गाडी खाली येताच पिळला जातो, आणि मग माल खराब निघाला म्हणून आपण दुकानदाराशी भांडतो.

यू-बोल्ट एकदा ताणला गेला की तो पुन्हा वापरायचा नाही. नवे यू-बोल्ट चौकटीच्या कोपऱ्यांप्रमाणे आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. किती जोराने, हा आकडा गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात असतो. तितकाच जोर मोजणारा पान्हा वापरा. पहिली भरलेली फेरी करून आलात की पुन्हा एकदा आवळा. आणि तुटलेला पाटा वेल्डिंग करून घेऊ नका. पोलादाची ताकद त्या तापाने जाते आणि तो जोडाशेजारी पुन्हा तुटतो.

जादा पाटा, जादा माल

पाटे वारंवार तुटतात म्हणून जुडीत एकदोन पाटे जादा टाकण्याची युक्ती गावोगाव आहे. पाटा वाढल्याने गाडीची क्षमता वाढत नाही. ब्रेक तेवढेच, टायर तेवढेच, अ‍ॅक्सल तेवढाच. एवढेच होते की पाट्याने घ्यायचा मार चॅसी घेते. कायद्याचा मारही वाढला आहे: २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंड आला. आपण जादा माल का भरतो, तर भाव इतका कमी असतो की दोन फेऱ्यांचे डिझेल त्यातून सुटत नाही. हे खरे आहे, आणि ते आम्हाला कोणी शिकवायला नको. पण पडलेल्या भावाची भरपाई पाट्यांकडून करून घेता येत नाही. त्याच हौद्यात संध्याकाळी मजूर मायबहिणी उभ्या राहून घरी येतात. मालाच्या गाडीत माणसे बसवायची नाहीत, हे आम्ही इथे स्पष्ट सांगतो.

घरचे काम फुकट नाही

आता मुख्य मुद्दा. घरी दुरुस्ती केली की आपण म्हणतो, मजुरी वाचली. मजुरी वाचली नाही. ती आपण स्वतःच्या खिशातून दिली आणि वहीत लिहिली नाही. समजा, शॉकअप आणि बुशांच्या कामाचे गॅरेजचे बिल ९,००० रुपये झाले. हंगामात ३० फेऱ्या आणि दर फेरीला १५ क्विंटल, म्हणजे ४५० क्विंटल माल गेला. क्विंटलमागे २० रुपये झाले. हेच काम ६,००० रुपयांचे सामान आणून घरी केले, तर खर्च क्विंटलमागे १३ रुपये ३३ पैसे दिसतो. पण बापलेक दोघांचा पूर्ण दिवस गाडीखाली गेला, त्याची मजुरी कुठे आहे? शेतीमालाच्या उत्पादनखर्चात घरच्या माणसांचे श्रम धरा, हे आपण सरकारला इतकी वर्षे सांगतो. ते आपल्या वहीत आपणच धरणार नसू, तर सरकारने का धरावेत?

कांद्याला हमीभावच नाही, तेव्हा त्याच्या वाहतुकीचा हिशोब दुसरे कोणी मांडणार नाही. त्यात कर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. उतरला हे चांगले झाले. पण कर भरणारा कारखानदार सुट्या भागावर दिलेला कर आपल्या करातून वजा करून घेतो. आपला ताजा माल करमुक्त, म्हणून आपल्याला वजावट नाही. शेतकऱ्याला कर लागत नाही असे म्हणतात. तो शॉकअपच्या खोक्यात भरून येतो.

मग घरी दुरुस्ती करायचीच कशाला? एक, ऐन हंगामात गॅरेजसमोर गाडी चार दिवस उभी राहू नये म्हणून. दोन, काय झिजले आहे हे कळणाऱ्याला कोणी न लागणारा भाग विकू शकत नाही म्हणून. तीन, ज्या गाडीत आपला मुलगा बसतो, तिच्या खाली काय आहे हे आपल्याला माहीत असावे म्हणून. शेतकऱ्याला तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हवे असे आपण म्हणतो; त्यात आपल्या यंत्राला आपण हात लावण्याचे स्वातंत्र्यही येते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीची माहिती आणि अवजारे शेतकऱ्याला दिली पाहिजेत असा कायदा केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तिच्या विषयांत शेतीची अवजारे आणि मोटारी दोन्ही आहेत. आपली मागणी साधी आहे: प्रत्येक मालवाहू गाडीबरोबर दुरुस्तीचे पुस्तक मराठीत मिळावे आणि त्यात नट किती आवळायचा याचे आकडे असावेत.

तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकीपर्यंत तीन कामे करून यायचे आहे. गावातल्या चारपाच पिकअपवाल्यांनी मिळून दोन जोड्या घोड्या आणि एक जोर मोजणारा पान्हा सामाईक घ्यावा. हंगाम सुरू होण्याआधी गावातल्या प्रत्येक पिकअपची रिकाम्या गाडीची मोजमापे घ्यावीत. आणि प्रत्येकाने गाडीची वेगळी वही घालावी: तारीख, सामान, कर, आपले तास. त्या वह्या आल्या म्हणजे भावाच्या चर्चेत आपण अंदाज घेऊन बसणार नाही, हिशोब घेऊन बसू.

भीक नको, हवे घामाचे दाम. गाडीखाली गाळलेला घामही त्यातच धरायचा आहे.