पाण्याचं माप आणि माणसाची नियत

(कोल्हार येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान, संक्षिप्त)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘शासन, तंत्रज्ञान आणि चारित्र्य’. मी बोलणार पाटाच्या पाण्यावर. (हशा) माझं मत पक्कं आहे: माणसाची नियत उपदेशानं सुधारत नाही. सरकार कुठल्या मापानं मोजतं, त्यावर ती ठरते.

भंडारदऱ्याचं धरण 1926 चं, खाली ओझरचा बंधारा, तिथून नदीच्या दोन्ही काठांचे कालवे. प्रवरेकाठच्या माणसांना हे मी काय सांगावं?  पुढे जाऊ.

पाटाची पाणीपट्टी आपण भरत आलो पिकावर आणि क्षेत्रावर. पाणी मागायच्या सात नंबरच्या अर्जात एकरभर ऊस लिहिला, की शेतात चार बोटं पाणी सोडा नाहीतर वीतभर, पैसे तेवढेच. रात्री दोनला पाण्याची पाळी येते. गडी बॅटरी घेऊन जातो, दार उघडतो, खाली जाणाऱ्या चारीत गोणपाट कोंबतो आणि बांधावर घोंगडी टाकून घोरतो. ऊस भरून पाणी ओढ्याला! पहाटे खालचा येतो, तर चारी कोरडी. मग एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार, प्रसंगी फावडं. पाटकऱ्यानं पंचनामा करायचा, तर साक्षीला कोण? सगळे भाऊबंद! (हशा) पुढच्या रांगेतले फारच हसतायत. तुम्ही कालव्याच्या हेडचे की शेवटाकडचे, टेलचे? नाही हो, गावाचं नाव मी घेतलेलं नाही, रागावू नका. हाच गडी डेअरीवर दूध घालताना फॅटचा एक पॉइंट सोडत नाही. तिथे माप आहे ना!

आता ओझर. संगमनेरकडचं नव्हे, नाशिकचं. तिथे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990 च्या सुमारास वाघाड कालव्याच्या टेलवाल्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी संस्थेला मोजून मिळायचं, पट्टी घनमीटरवर, पीक ज्याचं त्यानं ठरवायचं. वाया गेलेलं पाणी सगळ्यांच्या खिशातून जाऊ लागलं, तशी शेजाऱ्याची नजर चारीवर आली. ती माणसं संत नव्हेत, द्राक्षवाले आहेत. पुढे 2005 साली राज्यानं अशा पाणी वापर संस्थांचा कायदाच केला.

आता तंत्रज्ञान. मोबाईलचं म्हणाल, तर 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आलीच. शेतात उभं राहून पिकाचा फोटो आपणच काढायचा. उत्तम. पण त्यातून ऊस किती ते कळतं, उसानं पाणी किती प्यायलं ते नाही.

चिठ्ठी आलीय, ‘मोजायचं यंत्रच लोक फोडतात, त्याचं काय?’ फोडतात, सरकारचं म्हणून फोडतात. संस्थेचं फोडलं, तर सभेत उभं राहून भावकीला तोंड द्यावं लागतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. हिवरे बाजार गावाचं पाण्याचं अंदाजपत्रक सांगायचं राहिलंच, ते पुढल्या वर्षी, बोलावलंत तर. तूर्त एक करा. पुढच्या आवर्तनाचा अर्ज द्यायला जाल, तेव्हा आपल्या चारीवर पाणी वापर संस्था आहे का, आणि असेल तर तिची शेवटची सभा कधी झाली, एवढं विचारून या.