निळा फोटो, बोअरचं पाणी आणि अर्धं लिंबू

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, सायनोटाइप करून बघितलं, पण फोटो फिकाच येतो." माझंही तेच झालं होतं. ऐका.

आधी थोडक्यात उजळणी. ही पद्धत जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधली. इंजिनिअर लोकांची 'ब्लूप्रिंट' हीच. 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या 100 मिलीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही समान घेऊन मिसळा, खोलीत अंधार करून कागदावर लावा. हा झाला सेन्सिटायझर. वाळला की वर निगेटिव्ह ठेवून उन्हात न्या. डेव्हलपर म्हणजे फक्त पाणी.

आमच्याकडे आबांचा एकच फोटो उरलाय. त्याची निगेटिव्ह मी पारदर्शक शीटवर काढली. यवतमाळात उन्हाची काय कमी! पण प्रिंट धुतली, तर आबांचं कपाळच गायब. मग मी कागद बदलला, केमिकल बदललं, वेळ वाढवला, सगळं एकदम. ऑफिसात ज्युनिअर पोरांना मीच सांगतो, बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला!

म्हणून पुन्हा सुरुवात केली. एकाच प्रिंटच्या तीन पट्ट्या कापल्या. एक बोअरच्या पाण्यात धुतली, एक आरओच्या, आणि एक बोअरच्याच पाण्यात अर्धं लिंबू पिळून. बोअरवाली फिकी, आरओवाली बरी, लिंबूवाली सगळ्यात भारी. फिक्या छटासुद्धा टिकल्या. कारण सोपं आहे. हा निळा रंग अल्कलीत टिकत नाही, आणि आमच्या बोअरचं पाणी पीएच पट्टीवर 8 च्या वर जातं. केमिकल बिचारं निर्दोष होतं.

त्यानंतर उन्हाची टेस्ट. पुठ्ठा दर दोन मिनिटांनी सरकवत गेलो. एप्रिलमधल्या दुपारी आठ मिनिटं बरोबर बसली. तुमच्याकडे आकडा वेगळा येईल, तो स्वतःच काढा.

दोन सूचना. हातमोजे घाला, आणि स्वयंपाकघरातली भांडी अजिबात वापरू नका.

नवी प्रिंट आजीला दाखवली. म्हणाली, "हे तं निळीत बुडवल्यावानी दिसते बापा." मग बराच वेळ कपाळावरून बोट फिरवत बसली. आता ती भिंतीवर लावू म्हणते. मी सांगितलं, लाव, पण उन्हाच्या समोर नको. उजेडानं फिकी झालीच, तर थोडे दिवस कपाटात ठेव. अंधारात हा निळा बराचसा परत येतो.

तुमच्या पट्ट्या कशा आल्या, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!