माळ्यावरचे बिऱ्हाड



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी आम्हांला हटकले, "चांगल्या सभेत घुबडाचे नाव कशाला काढता?" घुबडाला दगड मारला तर ते तो दगड घासत बसते आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो, अशी आपल्याकडे समजूत आहे. आम्ही दगड मारला नव्हता. फळी ठोकली होती. ती हकीकत सांगायची तर आधी या पक्ष्याची थोडी ओळख हवी.

इंग्लंडात घरांच्या धुराड्यांत जॅकडॉ नावाचे लहान चणीचे कावळे काटक्या भरून घरटी करतात. आपल्याकडे तशी धुराडी नाहीत, पण माळे आहेत, कौलांखालच्या सांदी आहेत. कोकणात तेथे कांडेचोर, म्हणजे उदमांजर, पिले घालते. जुन्या वाड्यांत गव्हाणी घुबड. पत्त्यांतल्या बदामासारखा पांढरा चेहरा, सोनेरी-करडी पाठ. पिसांची कड झालरीसारखी मऊ, त्यामुळे उडताना आवाज नाही. एक कान दुसऱ्याहून किंचित वर, त्यामुळे गडद अंधारातही उंदराची खुसपूस नेमकी कोठली ते त्याला कळते. उंदीर सबंध गिळायचा आणि हाडे व केस यांची गोळी करून ओकायची, हा त्याचा शिरस्ता. घरटे बांधण्याच्या भानगडीत ते पडत नाही. त्या गोळ्यांच्या चुऱ्यावरच अंडी घालते.

अंडी साधारण चार ते सात, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, म्हणून पिले एकदम न येता पाठोपाठ येतात. थोरल्याला पिसे फुटू लागतात तेव्हा धाकटे कापसाच्या बोळ्याएवढे असते. अंडे फुटायला महिना, पिलू उडायला सुमारे दोन महिने. पिले जरा वाढली की आईबाप पुष्कळदा दिवसा दुसरीकडे बसतात. आम्हांला ठाऊक नव्हते ते नेमके हेच.

१९७४ साली आमच्या वाड्याच्या माळ्यावरून रोज रात्री फुसफुस ऐकू येऊ लागली. कोणी नाग म्हणाले, कोणी त्याहून भलते काही. घुबडांची जोडी दिवसा परसातल्या चिंचेवर दिसली, तेव्हा माळा रिकामा आहे असा आम्ही तर्क केला. भरदुपारी सुताराकडून झरोक्यावर फळी ठोकून घेतली. त्या रात्री नर-मादी फळीपाशी येऊन चिरकत राहिली. पुढेही तेच. आतली फुसफुस हळूहळू मंदावली, मग थांबली आणि आम्हांला बरे वाटले. बरे वाटले, हे मुद्दाम सांगतो. वास सुटला तेव्हा फळी काढली. पाच पिले होती, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने. थोरल्याची पिसे जवळजवळ पुरी झाली होती. महिनाभर कळ काढली असती तर सगळी आपणहून गेली असती. पुढे दोन वर्षे झरोका उघडा ठेवला. कोणी आत शिरले नाही.

तेव्हा माळ्यावर आवाज आला तर आधी भोक बुजवू नये. झरोक्याखाली ताज्या, काळपट चकचकीत गोळ्या पडतात का ते पाहावे. उदमांजराचा संशय असेल तर वाटेवर पीठ भुरभुरावे, पावले उमटतात. कौलांवर टेकलेली फांदी छाटली की त्याची वाट तुटते, पण तीही पिले गेल्यावर छाटावी. आठवडाभर आवाज नाही, गोळी नाही, पाऊल नाही अशी खात्री झाली, म्हणजे जाळी मारावी. पिलू खाली पडले तर वनखात्याला कळवावे. या दोन्ही प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. माळा झाडताना पाणी शिंपडून, नाकाला फडके बांधून झाडावा. आणि वर घुबड असेल तोवर कोठीत उंदरांना विष घालू नये. विष खाल्लेला उंदीर पिलांच्या तोंडी जातो.